मालक नाही, पोलिस नाही, मग चुकणाऱ्याला विचारायचं कुणी?

स्वतःहून एकत्र राहायचं ठरवणाऱ्या माणसांबद्दल अधूनमधून वाचायला मिळतं. कुणी निवृत्तीनंतर मित्रांसोबत सामायिक घर बांधतं, कुणी शेतीवर वसाहत करतं, कुणी एखाद्या विचारासाठी सगळं सोडून समूहात जाऊन राहतं. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि दुसरा कामांच्या वाटणीचा. तिसरा प्रश्न सुरुवातीला कुणीच विचारत नाही. एखाद्याने ठरलेलं पाळलंच नाही, तर?

अशा वस्तीला या लेखापुरतं ‘सहजीवन समूह’ म्हणू. नात्यातली नसलेली माणसं समान विचारासाठी किंवा सोयीसाठी आपणहून एकत्र राहतात, असा गट. कम्यून, किबुत्झ (इस्रायलमधल्या सामूहिक वसाहती), मठ, सहनिवास ही त्याचीच रूपं. आणखी दोन शब्द लागतील. मी जे कबूल केलं ते केलं का, हे विचारण्याचा इतरांना हक्क आहे आणि त्याचं उत्तर देणं माझं काम आहे, याला उत्तरदायित्व म्हणायचं. उत्तर पटलं नाही तर पुढे जे होतं, ती शिस्त. पहिलं नीट चालत असेल तर दुसऱ्यापर्यंत फारशी वेळ येत नाही.

कुटुंब नाही, कंपनीही नाही

कंपनीत साहेब असतो, नोटीस असते, पगार कापता येतो. कुटुंबात कितीही भांडलं तरी नातं उरतं. सहजीवन समूहात यातलं काहीच नाही. ज्याच्याबद्दल तक्रार करायची, तोच शेजारी, तोच सहकारी, तोच मित्र आणि बऱ्याचदा जागेतला भागीदारही. आज तक्रार केली तर उद्या सकाळी व्हरांड्यात त्याचंच तोंड बघायचं. त्यामुळे माणसं बोलायचं टाळतात.

उलट बाजूने पाहिलं तर ज्याचं सदस्यत्व जातं त्याचं घर, काम, मित्रमंडळी, कधीकधी आयुष्यभराची गुंतवणूकही एकाच दिवशी जाते. नोकरी सुटलेला माणूस संध्याकाळी निदान स्वतःच्या घरी परततो. म्हणूनच अशा समूहातला अन्याय बाहेरच्या अन्यायापेक्षा जास्त लागतो.

घात करते ती शांतता

समजा, एक सदस्य सामायिक कामाच्या पाळ्या चुकवतो. पहिल्या महिन्यात सगळे म्हणतात, बरं नसेल. तिसऱ्या महिन्यात कुजबुज सुरू होते. सहाव्या महिन्यापर्यंत जी मंडळी इमानेइतबारे काम करत होती, तीही हात आखडता घेऊ लागतात. आपणच का राबायचं? वर्षभराने छताच्या दुरुस्तीवर बैठक भरते आणि कुणाचा तरी तोल जातो. “नीट राहायचं तर राहा, नाहीतर निघा.” समोरचा हबकतो. त्याला आजवर कुणी एका शब्दाने काही बोललेलं नसतं. वर्षभर सोसणाऱ्यांचा संताप खरा असतो आणि त्याचा धक्काही खरा असतो.

असे समूह कडक शिस्तीने मोडतात, असं बाहेरच्यांना वाटतं. मला वाटतं, जास्त समूह या क्रमाने मोडतात: आधी लांबलचक गप्प बसणं, मग एकदम हकालपट्टी. मधल्या पायऱ्या कुणी बांधलेल्याच नसतात.

हात आखडता घेण्याची ही प्रवृत्ती प्रयोगांतही दिसली आहे. अर्नस्ट फेर आणि सायमन गेश्टर या अर्थशास्त्रज्ञांचे २००० आणि २००२ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग यात गाजले. चार-चार अनोळखी माणसांना थोडे पैसे द्यायचे. त्यातले हवे तितके त्यांनी सामायिक खात्यात टाकायचे, खात्यातली रक्कम वाढवून सगळ्यांत सारखी वाटायची. कुचराई करणाऱ्याला काहीच होत नाही असं दिसलं की फेरीगणिक सगळ्यांचंच योगदान घसरत गेलं. पदरचे पैसे मोडून कुचराई करणाऱ्याला दंड करायची मुभा दिल्यावर मात्र योगदान वाढलं.

मग प्रत्येकाच्या हाती छडी दिली की झालं? तसं नाही. २००८ साली गेश्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या १६ ठिकाणी हाच खेळ खेळवला, तेव्हा काही शहरांत लोकांनी भरपूर योगदान देणाऱ्यांनाच दंड ठोकला! थोडक्यात, परिणाम हवेत, पण ते कुणा एकाच्या रागावर सोडून चालत नाही. त्यासाठी पद्धत लागते, आणि ती भांडण पेटण्याआधी ठरलेली असावी लागते.

नियम आधी, चूक नंतर

‘सर्वांनी जबाबदारीने वागावे’ हा नियम नव्हे. तो मोडला की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं खरं ठरतं. ‘प्रत्येकाने आठवड्याला ठरलेले इतके तास काम करायचं आणि ते नोंदवायचं’ हा नियम. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला ट्विन ओक्स हा समूह १९६७ पासून याच पायावर उभा आहे. तिथे उत्पन्न सामायिक असतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला कामाचे ठरावीक तास येतात. त्यांत घरातली कामं आणि मुलांची देखभालही धरतात. तास कमी पडले की ते थकबाकीसारखे नोंदीत दिसतात.

आदर्शवादी माणसांना ही तासांची मोजदाद रुक्ष वाटते, अगदी हिशेबी वाटते. मला ती जास्त माणुसकीची वाटते. ‘तू आळशी आहेस’ या वाक्याला उत्तर नसतं. ‘तुझे बारा तास मागे पडलेत, काय झालं?’ याला असतं. कधी उत्तर कंबरदुखीचं असतं, कधी म्हाताऱ्या आईचं, कधी असंही असतं की ते काम त्या माणसाला जमतच नाही आणि दुसरं दिलं तर तो दुप्पट करेल.

नियम थोडे असावेत, लिहिलेले असावेत आणि सदस्य होण्याआधी हातात पडलेले असावेत. आज केलेला नियम कालच्या वागण्याला लावायचा नाही. ट्विन ओक्ससारख्या ठिकाणी नवा माणूस आधी काही आठवडे पाहुणा म्हणून आणि मग काही महिने तात्पुरता सदस्य म्हणून राहतो. या काळात दोन्ही बाजूंना फारसं काही न गमावता ‘नको’ म्हणता येतं. शिस्तीचे निम्मे प्रश्न या दारातच सुटतात, असं म्हटलं तरी चालेल.

“पण आपण तर मित्र आहोत, नियम कशाला?”

हा आक्षेप सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जो फ्रीमन यांनी १९७०च्या सुमारास स्त्री-चळवळीतल्या गटांचं निरीक्षण करून एक मुद्दा मांडला होता, तो अजून लागू पडतो. रचना नसलेला गट असा प्रकारच नसतो. उघड रचना नसली की लपलेली रचना तयार होते. ज्यांची आपसांत जुनी मैत्री असते त्यांच्या हाती सगळं जातं, आणि ते पद कुणी दिलेलंच नसल्याने काढूनही घेता येत नाही. मैत्रीवर चालणाऱ्या समूहात शिक्षा होतच असते. बैठकीचा निरोप मिळत नाही, हसणं थांबतं, कठीण कामं वाट्याला येतात. फक्त ती शिक्षा आहे असं कुणी म्हणत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

दंड लहानापासून सुरू करायचा

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सामायिक कुरणं, कालवे, जंगलं पिढ्यानपिढ्या टिकवणाऱ्या गावांत असं काय सारखं असतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनचे कालवे, जपानमधली गावजंगलं त्यांनी अभ्यासली. १९९०मध्ये त्यांनी अशा टिकाऊ व्यवस्थांची आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक म्हणजे चढत्या क्रमाचा दंड. पहिल्यांदा चुकणाऱ्याला अगदी किरकोळ दंड, पुन्हा चुकला तर मोठा, आणि बाहेर काढणं अगदी शेवटी.

पहिला दंड एवढा लहान, की तो कशासाठी? घरातल्या वीजजोडणीतला फ्यूज आठवा. तो मुद्दाम कमजोर ठेवतात, भार वाढला की तोच आधी उडतो आणि सगळं घर वाचतं. लहान दंडाचं तसंच आहे. काहीतरी बिघडलंय हे तो वेळेवर कळवतो, आणि कळवण्याची किंमत इतकी कमी असते की कुणी कचरत नाही. थेट हकालपट्टीच हाताशी असेल, तर ती वापरायला कुणी धजत नाही आणि म्हणून कुणी काहीच करत नाही.

ही कल्पना खूप जुनी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती मठांसाठी नियम लिहिले. चुकलेल्या साधूला आधी वडीलधाऱ्यांनी एकदा, मग पुन्हा एकदा खासगीत समजावायचं. तरी सुधारला नाही तर सर्वांसमोर कानउघाडणी. त्यानंतर चुकीच्या वजनाप्रमाणे, म्हणजे हलक्या चुकीसाठी सामायिक पंगतीपासून दूर ठेवणं आणि गंभीर चुकीसाठी सामायिक प्रार्थनेपासूनही. त्या नियमांत पुढे मारही आहे आणि तो आज कुणी घेऊ नये. पण पायऱ्यांची मांडणी अजून टिकण्यासारखी आहे.

आजच्या समूहाला हे असं बसवता येईल. ज्याला त्रास झाला त्याने आधी स्वतः, एकट्याने बोलायचं. जमलं नाही तर दोघांच्याही विश्वासातला तिसरा माणूस सोबत घ्यायचा. त्यानंतर लेखी करार: काय बदलायचं, किती दिवसांत, मदत कोण करणार, पुन्हा कधी बसायचं. मग एखादी सवलत किंवा समितीवरची जागा ठरावीक मुदतीसाठी थांबवायची. त्यापुढे सदस्यत्व स्थगित, आणि सर्वांत शेवटी निरोप. प्रत्येक पायरीला तारीख हवी. तारीख नसलेली ताकीद डोक्यावरच्या टांगत्या तलवारीसारखी वर्षानुवर्षं लटकत राहते, आणि जुन्या चुका नव्या भांडणात उकरून काढायची सवय लागते.

एक पळवाट आधीच बुजवावी लागते. बरेच समूह सर्वसहमतीने चालतात, म्हणजे एकाचाही ठाम विरोध असेल तर निर्णय होत नाही. मग ज्याच्यावर कारवाई व्हायची, तोच स्वतःची कारवाई अडवू शकतो. त्यामुळे अशा निर्णयात संबंधित व्यक्तीचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, पण तिला अडवण्याचा अधिकार नसेल, हे आधी लिहून ठेवलेलं बरं. तिचा जोडीदार किंवा तक्रारदार यांचं काय, तेही.

ऐकून घेणं म्हणजे नेमकं काय

कायद्यात ‘नैसर्गिक न्याय’ म्हणून एक संकल्पना आहे. तिचा गाभा दोन वाक्यांत मावतो. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निर्णय नाही, आणि स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश नाही. बाकीच्या गोष्टी यातूनच निघतात: आरोप काय आहे ते आधी लेखी कळणं, उत्तर तयार करायला वेळ मिळणं, सोबत एखादा माणूस आणता येणं, निर्णयाची कारणं सांगितली जाणं, आणि दुसऱ्या कुणाकडे तरी अपील करता येणं.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं पाण्याचं न्यायालय यासाठी बघण्यासारखं आहे. शहराच्या कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला ते भरतं. कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधीच न्यायाधीश. सगळा कारभार तोंडी आणि सर्वांसमोर, निकाल तिथल्या तिथे. आणि ज्या कालव्यावरची तक्रार असेल, त्या कालव्याचा प्रतिनिधी निवाड्यात भाग घेत नाही. वकील नाहीत, कायद्याची जाडजूड पुस्तकं नाहीत, तरी ‘आपल्या माणसाचा निवाडा आपण करायचा नाही’ हे पथ्य चुकत नाही.

बौद्ध भिक्षुसंघाच्या विनयातली, म्हणजे संघाच्या नियमावलीतली, तरतूद याहून जुनी. वाद मिटवण्याच्या सात पद्धतींत पहिली आहे ‘सम्मुखविनय’: निवाडा संबंधितांच्या समोरच व्हायला हवा. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच हजर नसेल, तर ती कारवाई ग्राह्य नाही. दुसऱ्यावर दोष ठेवणाऱ्यानेही आधी स्वतःला तपासायचं असतं: मी योग्य वेळी बोलतोय का, खरं बोलतोय का, सौम्यपणे बोलतोय का, याने काही भलं होणार आहे का, आणि मनात मैत्री आहे की द्वेष? व्हॉट्सअॅपच्या गटात रात्री अकराला तक्रार टाकणाऱ्याला यातल्या पहिल्याच प्रश्नावर थांबावं लागेल.

पंधरा माणसांच्या समूहात तटस्थ माणूस आणायचा कुठून, ही अडचण खरी आहे. सगळेच एकमेकांचे काही ना काही लागतात. यावर तसाच दुसरा एखादा समूह शोधून त्याच्याशी करार करता येतो: तुमच्या प्रकरणात आमचे दोघं, आमच्या प्रकरणात तुमचे दोघं. ते जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकून मंडळ निवडायचं आणि जवळच्या मित्रांनी आपणहून बाजूला व्हायचं. परिपूर्ण यातलं काहीच नाही, पण रोज एकत्र चहा घेणाऱ्या तिघांनीच तक्रार करायची, चौकशीही करायची आणि निकालही द्यायचा, यापेक्षा हे कितीतरी बरं.

याचा फायदा फक्त आरोपीला नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी लोक कायदा का पाळतात याचा अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की निकाल बाजूने लागला की विरुद्ध, यापेक्षा आपल्याला सन्मानाने वागवलं का, बोलू दिलं का, याचा माणसाच्या मनावर जास्त परिणाम होतो. विरुद्ध निकाल लागलेला माणूसही त्याच अंगणात राहणार असतो, तेव्हा हा निष्कर्ष सहजीवन समूहाला कोर्टापेक्षाही जास्त कामाचा आहे.

“सगळ्यांनी मिळून तोंडावर सांगितलं तर?”

हा मार्ग प्रामाणिक वाटतो, आणि तो वापरून पाहिलेला आहे. १८४८मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या ओनायडा समूहात ‘परस्पर टीका’ नावाची प्रथा होती. सदस्याने गप्प बसायचं आणि इतरांनी त्याचे दोष एकेक करून सांगायचे. काहींना त्याचा खरोखर उपयोग झाला, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं आहे. मात्र संस्थापक जॉन हम्फ्री नॉइज स्वतः या टीकेच्या जवळजवळ बाहेरच राहिले.

१९५८मध्ये कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीसाठी सुरू झालेल्या सिनानॉनमध्ये याचंच उग्र रूप होतं. वर्तुळात बसून एकेकावर शब्दांचा मारा करायचा, त्याला ते ‘खेळ’ म्हणत. सुरुवातीला त्याची वाहवा झाली. पुढे समूह बंदिस्त आणि हिंसक होत गेला, आणि १९७८मध्ये त्यांच्याविरुद्ध खटले लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी रॅटलस्नेक ठेवण्यापर्यंत मजल गेली.

एकाने एकाला खासगीत सांगणं आणि वीस जणांनी एकाला घेरणं, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात माणूस चूक कबूल करतो ती पटल्यामुळे की सुटका हवी म्हणून, हे कुणालाच, त्याला स्वतःलाही, सांगता येत नाही.

पायऱ्या कुठे नाहीत

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांचा छळ, मोठी अफरातफर. इथे ‘आधी खासगीत समजावा’ ही पायरी लागू नाही. हे गुन्हे आहेत, समूहाच्या समितीने निकाली काढण्याची प्रकरणं नव्हेत. आधी पीडित व्यक्ती सुरक्षित करायची, मग पोलिस किंवा संबंधित यंत्रणा. ‘घरातलं घरातच मिटवू’ या वाक्याने आजवर किती मठांचे आणि समूहांचे दोषी पाठीशी घातले गेले, ते जगाने पाहिलं आहे. चौकशी होईपर्यंत आरोपीला दुसरीकडे राहायला सांगणं ही शिक्षा नव्हे, तात्पुरती खबरदारी आहे, आणि तसं स्पष्ट म्हणावं म्हणजे निकालाआधीच माणूस दोषी ठरत नाही.

मध्यस्थीचंही तसंच. दोन सारख्या ताकदीच्या माणसांचं भांडण मध्यस्थाने सुटतं. एक दुसऱ्याला धाक दाखवत असेल, तर दोघांना समोरासमोर बसवणं म्हणजे धाकाची आणखी एक बैठक.

दंड संपला, मग?

ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९मध्ये लाजेचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात कृतीचा निषेध होतो आणि माणसाला परत सामावून घेतलं जातं. दुसऱ्यात माणसावरच कायमचा शिक्का बसतो. दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे, त्याला आपण वाळीत टाकणं म्हणतो. शिक्का बसलेल्याला सुधारण्याचं कारणच उरत नाही.

बेनेडिक्टच्या नियमांत यावर एक शहाणी तरतूद आहे. ज्याला दूर ठेवलंय त्याच्याकडे मठाधिपतीने समंजस, वयस्क साधूंना गुपचूप पाठवायचं, धीर द्यायला. दंड चालू, आणि सोबतही चालू. निघून गेलेला साधू सुधारायचं कबूल करून आला तर त्याला तीनदापर्यंत परत घ्यायचं, त्यानंतर नाही. विनयातही गंभीर अपराधानंतर ठरावीक काळ परीक्षा असते आणि मग किमान वीस भिक्षूंच्या संघासमोर त्या भिक्षूला पुन्हा पूर्वस्थितीत घेतात. दंड जसा जाहीर, तशी वापसीही जाहीर. आपल्याकडे बहुतेक संस्था पहिलं करतात आणि दुसरं विसरतात.

कधी निरोपच योग्य असतो. त्यासाठी जाणाऱ्याचे पैसे, ठेव, वाटा कसा आणि किती दिवसांत परत करायचा, हे तो येतानाच लिहिलेलं हवं. नाहीतर पैसे अडकतील या भीतीने माणूस मन उडालेलं असतानाही राहतो, किंवा समूह तेच पैसे दबावासाठी वापरतो.

आणि संस्थापकच चुकला तर?

इथे बहुतेक समूहांच्या नियमावल्या कच्च्या निघतात. नियम सगळ्यांना सारखे असं लिहिलेलं असतं, पण जमीन संस्थापकाच्या नावावर असते, देणगीदार त्याच्या ओळखीचे असतात आणि तक्रार समितीही त्यानेच नेमलेली असते. तो वाईट असेलच असं नाही. त्याला कुणी प्रश्न विचारायचा, याची सोय कुणी केलेली नसते, एवढंच.

सोय करायची तर मालमत्ता एखाद्या ट्रस्टच्या किंवा सहकारी संस्थेच्या नावावर हवी, पदांना मुदत हवी, आणि पदाधिकाऱ्यांविरुद्धची तक्रार समूहाबाहेरच्या आधीच नेमलेल्या दोन-तीन व्यक्तींकडे थेट जायला हवी. अशा समूहात राहायला जाण्याचा विचार असेल तर नियमावली मागा, पण तेवढ्यावर थांबू नका. इथे संस्थापकाविरुद्ध शेवटची तक्रार कधी झाली आणि तिचं काय झालं, हे विचारा. “अशी तक्रार कधी झालीच नाही,” असं उत्तर आलं, तर समूह सोडून गेलेल्या एखाद्या सदस्याचा फोन नंबर मागा.